वासाची तारीख

यंत्र ओरडलं तेव्हा मला हसू आलं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मागच्या अंगणात विहिरीचं झाकण बाजूला सारून ती मुलगी गुडघ्यावर बसली होती, हातात मुठीत मावेल एवढं पिवळं यंत्र होतं, त्याची पातळ नळी तिने विहिरीच्या तोंडात सोडली होती, आणि मी मागे ओले हात टॉवेलला पुसत उभी होते. आधी एकदा टिक झालं, मग दोनदा, मग सलग, आणि छोट्या काचेतले आकडे भराभर चढत गेले. ती पटकन उठली आणि म्हणाली, "काकू, जरा मागे या." मी मागे झाले नाही. ते काय करतंय म्हणून विचारलं. ती म्हणाली, वास घेतंय, पेट्रोलची वाफ असली की ओरडतं. "म्हणजे त्याला वास येतोय?" "येतोय म्हणजे काय, चांगलाच येतोय." तेव्हा मला हसू आलं, आधी नाकातून, मग पोटातून, इतकं की कपडे धुवायच्या दगडावर टेकावं लागलं. त्या मुलीला वाटलं असेल, म्हातारीच्या डोक्यात वाफ गेली. त्यात तिचं काही चुकलं नसतं. अकरा वर्षं ह्या घरात माझ्याबद्दल साधारण तेच समजलं जात होतं.

आमची गल्ली टाक्यांच्या कुंपणापासून निघते आणि उतरत उतरत बालवाडीशी संपते. टाक्या म्हणजे इंधनाच्या टाक्या, पांढऱ्या, गोल, चार मजली. बंदरातून नळाने तेल येतं, त्यांच्यात साठतं आणि टँकरमधून शहरभर जातं. ह्यांनी तिथे चौतीस वर्षं नोकरी केली. टाकीवर चढायचं, वरच्या तोंडातून वजन लावलेली पोलादी पट्टी खाली सोडायची, तेल कुठवर लागलं ते बघायचं आणि लिहायचं. म्हणून गल्लीत ह्यांना पट्टीवाले म्हणतात. गेल्या हिवाळ्यात वरच्या अंगाला गटाराचा नळ टाकायला चर खणला, तर चरातल्या पाण्यावर रंगीत तवंग आला, वेल्डिंगची ठिणगी पडली आणि पाणी पेटलं. कोणाला भाजलं नाही, पण तपास झाला. टाकीपासून टँकर भरायच्या फलाटापर्यंत जमिनीखालून जो नळ जातो तो एका सांध्याशी झिरपत होता. कंपनीने सांगितलं, दीड वर्षापासून. मग माती आणि पाणी साफ करणारी वेगळी मंडळी आली, आणि त्यांच्यात ही मुलगी, घरोघरच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेणारी. पहिल्यांदा दारात येऊन म्हणाली, "काकू, नमुने घ्यायला आलेय." मी म्हटलं, एक आत पेपर वाचत बसलाय, घेऊन जा. तेव्हापासून ती माझ्यासाठी नमुनेवाली.

त्या दिवशीही हे आत पेपर वाचत होते. यंत्राचा आवाज मागच्या खिडकीतून सरळ ह्यांच्या खुर्चीपर्यंत जातो. मी हसत होते आणि कान आत लावून बसले होते. पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला नाही. खुर्ची सरकली नाही. नमुनेवालीने तीन बाटल्या भरल्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, झाकणाला लाल पट्टी बांधली, पंपाची तार काढून टाकली आणि सांगून गेली की आजपासून हे पाणी कशालाही वापरायचं नाही, भांड्यांनासुद्धा नाही, टँकर येईल. मी आत गेले तर हे पेपर तसाच उघडा धरून बसले होते. मी कितीतरी वेळा मनात घोळवलं होतं, की ज्या दिवशी खरं ठरेल त्या दिवशी ह्यांच्यासमोर उभी राहून काय म्हणेन. वाक्यं तयार होती. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना घासून पुसून ठेवलेली. पण ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. मी म्हटलं, "चहा ठेवते," आणि स्वयंपाकघरात गेले.

पहिल्यांदा वास आला तेव्हा मला वाटलं होतं, हे लवकर घरी आले. लग्न झाल्यापासून तो वास म्हणजे हे. साबण कितीही लावा, बोटांच्या पेरांत, कानांमागे, शर्टाच्या कॉलरच्या घडीत तो उरायचा, आणि मला तो आवडायचा. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी दाराबाहेर पावलं वाजायच्या आधी वास यायचा आणि मी पुढ्यातलं काम ठेवून द्यायची. म्हणून त्या दुपारी बादलीवर वाकले असताना मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. पुन्हा वाकले. वास बादलीतून येत होता, गोडसर, जिभेच्या मुळाशी बसणारा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, माझ्या कपड्यांचा असेल, तुझ्या नाकात बसलाय तो. मला पटलं. तीस वर्षांचा वास नाकात बसणारच. मग मी ह्यांचे कपडे वेगळे धुतले, बादली घासली, दोर बदलला, कपडे नसताना, हे कामावर असताना, पहाटे, दुपारी, पुन्हा पुन्हा वास घेतला. माणूस एकच गोष्ट इतक्यांदा हुंगायला लागला की बघणाऱ्याला तो वेडाच वाटतो.

त्याच महिन्यात लेक बाळाला घेऊन आली. नात चाळीस दिवसांची होती, मुठी मिटलेल्या, डोक्याला पिकल्या फळासारखा वास. लेक म्हणाली, आई, आज तू अंघोळ घाल. पाणी कोमट केलं, बाळाला मांडीवर घेतलं, तांब्या भरला, आणि तो बाळाच्या अंगाजवळ नेईना माझा हात. वाफेबरोबर तो वास आणखीच उघडला होता. मी म्हटलं, मी ह्या पाण्याने घालणार नाही. लेकीने आधी समजूत काढली, मग तिचा आवाज चढला, मग हे आले. ह्यांनी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, हुंगलं, काही नाही म्हणाले. लेकीने हुंगलं, तिला सर्दी होती, ती म्हणाली काही नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मला अजून दिसतं, बाळाच्या डोक्यावरून गेलेलं. अंघोळ शेवटी लेकीनेच घातली आणि मी दार लावून आत बसून राहिले. महिनाभर राहायला आलेली लेक सहाव्या दिवशी गेली. त्यानंतर ती येते, दोन दिवस राहते, मुलीला माझ्याजवळ फार वेळ एकटी सोडत नाही. नातीला मी आवडते. तिला कोणीतरी सांगून ठेवलंय की आजीला भास होतात, म्हणून ती माझ्याशी जरा जपून, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलते.

मग ह्यांनी एक रीत पाडली. रोज सकाळी स्वयंपाकघरात यायचं, पिंपातलं पाणी पेलाभर घ्यायचं आणि माझ्याकडे बघत सगळंच्या सगळं प्यायचं. "हे बघ. आहे काही? पाणी आहे पाणी." पहिल्या वर्षी हे मोठ्याने म्हणायचे, नंतर नुसता रिकामा पेला वर करून दाखवायचे. ह्यांच्या मनात माझी चेष्टा करायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळायचं. लहान मुलाला अंधारात काही नाही हे दाखवायला बाप आधी खोलीत जातो, तसं होतं ते. म्हणूनच मी कधी भांडले नाही. भांडायला समोर कोणी वाईट असावं लागतं.

यंत्र ओरडल्यानंतरच्या दिवसांत आमची गल्ली ओळखू येईना. कुंपणाच्या आतल्या बाजूला त्यांनी घराएवढे खड्डे खणले आणि माती वर काढून तिचे लांब ढीग रचले, खाली जाड प्लॅस्टिक, वर काळं आच्छादन. दर आठवड्याला ढीग उलथायचे, त्यांवर पाणी आणि खत मारायचे. मी विचारलं तर नमुनेवाली म्हणाली, मातीतच जंतू असतात, ते तेल खातात; बाहेरून आणावे लागत नाहीत, त्यांना फक्त हवा आणि थोडं खायला मिळालं पाहिजे. जमिनीत नळ्या ठोकल्या, काहींतून तरंगणारं तेल उपसायचं, काहींतून मातीतली वाफ ओढून घ्यायची, काहींतून खालच्या पाण्यात हवा सोडायची. दिवसभर एक घुर्र आवाज भिंतीतून यायचा. हे त्या काळात फार कमी जेवायचे. पेपर यायचा, घडी न मोडता पडून राहायचा. एकदा बघितलं तर हे मागच्या दारात उभं राहून झाकणावरच्या लाल पट्टीकडे बघत होते आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांवर घासत होते, पट्टीवरचं तेल पुसावं तसा. मला ह्यांची दया यायला लागली होती, आणि दया आली की माझा राग मलाच सापडेना. अकरा वर्षांचा राग, हक्काचा, आणि ऐन वेळी तो कुठे ठेवलाय तेच आठवेना, असं ते होतं.

तिसऱ्या आठवड्यात नमुनेवाली बाटल्यांचा निकाल घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर नकाशा पसरून मला दाखवला. आमचं पाणी वाईटच निघालं होतं. नकाशावर एक तुटक रेघ होती, कुंपणापासून निघून आमच्या घराला वळसा घालून पुन्हा कुंपणाला मिळणारी. रेघेच्या आत साफसफाई होणार, बाहेर नाही. मी विचारलं, बाहेर का नाही? ती म्हणाली, पाणी जमिनीखालून चालतं काकू, इथल्या मातीत दिवसाला चारपाच बोटं. दीड वर्षात ते तुमच्या घरापर्यंत येतं, पुढे नाही. खालच्या गल्लीत म्हणून विहिरी तपासायच्या नाहीत, असं वरून ठरलंय. मी म्हटलं, मला तर अकरा वर्षांपूर्वी वास आला. ती माझ्याकडे बघत राहिली. पेन्सिल कानामागे होती, ती काढून हातात घेतली, आणि सावकाश म्हणाली, "काकू, नक्की?" मी म्हटलं, माझी नात चाळीस दिवसांची होती, नक्की म्हणजे काय. तिने नकाशावर रेघेच्या खाली पंजा पसरून फिरवला. खालच्या गल्लीतली चौदा घरं, शिवणवालीचं घर, कोपऱ्यावरची बालवाडी, सगळं तिच्या हाताखाली आलं. मग ती हताश होऊन म्हणाली, "पण यंत्र आज किती आहे ते सांगतं. कधीपासून ते सांगत नाही. साहेब म्हणतील, बाईंची आठवण आहे. त्यांना तारखेचा कागद लागतो."

तारखेचा कागद होता. हिवाळ्याच्या रजयांच्या घडीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्या साली लेक निघून गेल्यावर मी ह्यांना चष्म्याच्या दुकानात जाते असं सांगून, दोन बस बदलून, शहराच्या पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टर चांगले होते. त्यांनी विचारलं, आवाज ऐकू येतात का, कोणी बोलावतं का, मुलगी गेल्यापासून एकटं वाटतं का. मी सगळ्याला नाही म्हटलं, शेवटच्याला हो. त्यांनी लिहून घेतलं: घरच्या विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो असे तीन महिन्यांपासून वाटते, घरात इतर कोणालाही येत नाही. खाली गोळ्या, सही, शिक्का, तारीख. गोळ्या मी पाच आठवडे घेतल्या. जीभ जड झाली, दुपारभर झोप यायची. वास गेला नाही, पण त्याचं काही वाटेनासं झालं. ते मात्र फार भयंकर होतं. एकदा मी विहिरीच्या पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेला, वास येतोय हे मला कळत होतं, आणि तरी हात थांबला नव्हता. त्या दिवशी गोळ्या संडासात टाकल्या. कागद का ठेवला ते सांगता येत नाही. आपल्या लाजेचा कागद माणूस फाडून टाकतो. मी त्याची नीट घडी घालून ठेवली.

तो नमुनेवालीच्या हातात द्यायला दोन मिनिटं लागली असती. पण तो आधी ह्यांना दाखवायला हवा होता, आणि त्याला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर ह्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हटलं, वाचा. ह्यांनी चष्मा लावला. एकदा वाचलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. वरची तारीख बोटाने झाकली आणि बोट उचलून परत बघितलं.

"तू गेली होतीस?"

"हो."

"एकटी?"

"एकटीच जातात तिकडे."

"मला चष्म्याचं सांगितलं होतंस."

"चष्माही आणला होता येताना."

भिंतीतून तो घुर्र आवाज येत होता. मग ह्यांनी स्वतःचा चष्मा काढला, हातात धरला आणि म्हणाले, "त्याच वर्षी मीही चष्मा केला." आणि मग जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं, टेबलाकडे बघत, तुटक तुटक. त्याच्या आदल्या सालापासूनच चार नंबरच्या टाकीत रोज दोन-तीन मिलिमीटर कमी लागायला लागलं होतं. तेल कुठे सोडलं नव्हतं आणि तरी कमी. ह्यांनी मोठ्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, पट्टी जुनी होऊन ताणली असेल, नवी घ्या. नवी घेतली, तेच. मग म्हणाले, डोळे तपासून घ्या. ह्यांनी खरंच डोळे तपासून घेतले, चष्मा लावून टाकीवर चढले, तेच. मग साहेब म्हणाले, उन्हाने तेल कमी-जास्त दिसतं, तुम्हाला काय सांगायचं, आदल्या दिवसाचा आकडा लिहा आणि सोडून द्या. ह्यांनी लिहिला. दुसऱ्या दिवशीही लिहिला. साहेबांनी नंतर त्या टाकीचं काम दुसऱ्या पाळीला दिलं. "आणि त्याच महिन्यात तू म्हणालीस, पाण्याला वास येतो." मी म्हटलं, "मग?" ह्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मला खरंच वास आला नाही गं. माझं नाक केव्हाच मेलंय त्या कामात. पण मला भीती वाटली. तुझं खरं असतं, तर माझंही खरं असतं."

मला राग सापडला. इतके दिवस शोधत होते तो एकदम, उकळत्या पाण्यासारखा वर आला, आणि मी म्हटलं, तुमच्या डोळ्यांवर संशय घेतला तर तुम्हाला किती लागलं, आणि माझ्या नाकावर, डोक्यावर, माझ्या हातांवर, ज्या हातांनी मी पहिल्या नातवंडाला अंघोळ घालणार होते, त्यांच्यावर तुम्ही दोघांनी संशय घेतलात आणि मला तो पटवलात. मी रात्री माझं डोकं चाचपून बघायची हो, आत काही सैल झालंय का म्हणून. हे सगळं मी बसल्या जागेवरून म्हटलं, आवाज न चढवता, आणि हे ऐकत राहिले. शेवटी मी म्हटलं, "लेकीला फोन तुम्ही करायचा. मी नाही." ह्यांनी मान हलवली. मग पोटावर हात ठेवला आणि जरा हसल्यासारखं करून म्हणाले, "शिक्षा झालीच आहे मला. रोज सकाळी पेलाभर प्यायलोय तेच पाणी. तुला दाखवायला. अकरा वर्षं."

हे मी सांगणार नव्हते. ते माझं मी ठेवून घेणार होते. पण ह्यांचा हात पोटावर असा पसरलेला होता, की जणू आत काय काय झालं असेल ते बाहेरून मोजतोय.

"ते विहिरीचं नव्हतं," मी म्हटलं.

"कुठलं होतं मग?"

"बागेतलं. नळाचं. मी संध्याकाळी फिरायला जायची ना."

बागेच्या फाटकापाशी सार्वजनिक नळ आहे. पाच-पाच लिटरचे दोन कॅन मी रोज तिथून भरून आणायची, कुंड्यांना नळाचं पाणी मानवतं असं ह्यांना सांगून, आणि मागच्या दाराने येऊन पिंपात ओतायची. पिण्याला आणि स्वयंपाकाला ते पुरायचं. कुंड्यांना मात्र विहिरीचं घालायची. झाडं एकेक करून गेली, आणि हे म्हणायचे, तू फार पाणी घालतेस त्यांना. ह्यांनी हे सगळं ऐकलं. एकेक जुळवत असावेत, कॅन, कुंड्या, मागचं दार. गुडघ्यांमुळे हे कधी माझ्याबरोबर फिरायला आले नाहीत. शेवटी म्हणाले, "पावसात?" मी म्हटलं, पावसात एकच कॅन, दुसऱ्या हातात छत्री असायची. "आणि मी तुझ्यासमोर पेला वर करून..." हसत होते की काय, खांदे हलत होते, मग बघितलं तर डोळ्यांतून पाणी गालावर, तिथून कागदावर. मी कागद बाजूला ओढून घेतला, तारीख पुसली गेली असती. हे उठले, खुर्चीमागे आले आणि माझा उजवा खांदा दाबायला लागले. "हा दुखतो म्हणायचीस, तो ह्यानेच?" मी म्हटलं, ह्यानेच. खूप वेळ दाबत राहिले, चुकीच्या जागी, पण मी सांगितलं नाही.

लेकीला फोन ह्यांनी त्याच संध्याकाळी केला. मी स्वयंपाकघरात उभी होते. हे सगळं बोलले, पट्टीचं, चष्म्याचं, दवाखान्याचं, बागेच्या नळाचं, आणि शेवटी म्हणाले की त्या दिवशी तुझी आई शुद्धीवर होती, आपण दोघं नव्हतो. पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही. मग फोन माझ्याकडे दिला. लेक नुसती "आई" म्हणाली आणि दोघी एकमेकींचा श्वास ऐकत राहिलो. मग तिने विचारलं, मुलीच्या काही तपासण्या करून घेऊ का, आणि मी म्हटलं, सहा दिवसांच्या अंघोळीने काही होत नाही गं, पण तुझ्या मनासाठी घे. ती म्हणाली, माझ्या मनासाठीच. त्यात तिचं मन मला जरा जवळ आल्यासारखं वाटलं. जास्त नाही.

कागद घेऊन आम्ही दोघं कुंपणाच्या आतल्या पत्र्याच्या ऑफिसात गेलो. नमुनेवालीने तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, काकू, ह्यात तुमच्याबद्दल जे लिहिलंय ते दहा लोक वाचतील, चालेल? मी म्हटलं, वाचू दे, नाक माझंच होतं. मग हे पुढे झाले आणि म्हणाले, माझंही लिहून घ्या. तिच्या साहेबांनी लिहून घेतलं. हे सही करताना कधी नव्हे ते पूर्ण नाव लिहीत होते, एकेक अक्षर सुटं. दोन दिवसांनी ह्यांच्या जुन्या मोठ्या साहेबांचा फोन आला. आवाज बाहेरपर्यंत येत होता. चौतीस वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याला असं जागतात का, वगैरे. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, मीठ तुमचं खाल्लं. पाणी मात्र बायकोने दुसरीकडचं पाजलं." आणि फोन ठेवला. ह्यांना असं बोलता येतं हे मला लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर कळलं.

परवानगी मिळाली. खालच्या गल्लीत सहा ठिकाणी भोकं पाडली आणि चार ठिकाणी यंत्र ओरडलं, एक बालवाडीच्या भिंतीला लागून. नकाशावरची रेघ पुसली आणि नवी काढली, आधीच्या सातपट मोठी. बालवाडी दुसरीकडे हलवली. खालच्या चौदा घरांना टँकर सुरू झाला. ज्या दिवशी शिवणवालीच्या विहिरीला लाल पट्टी बांधली त्या दिवशी ती वर आमच्याकडे आली. तिच्या दोन्ही मुली त्या पाण्यावर वाढल्या. गळ्यात मोजायची टेप तशीच होती, काम टाकून आली असणार. दारातच उभी राहिली. माझ्याशी बोलली नाही. "काका, तुम्हाला माहीत होतं?" असं विचारलं. मला वाटलं हे माझ्याकडे बघतील. बघितलं नाही. म्हणाले, "अर्धं माहीत होतं. उरलेलं माहीत करून घेतलं नाही." ती थोडा वेळ उभी राहिली, जणू त्या उत्तराचं माप घेत होती, आणि गेली. त्याला आता सात महिने झाले. रस्त्यात मी दिसले तर थांबते, मुलींच्या तपासण्या चांगल्या आल्या हे तिने मला सांगितलं. हे दिसले तर पलीकडून जाते. हे बाजूला होऊन तिला वाट देतात. घरी येऊन त्याबद्दल काही म्हणत नाहीत, आणि मीही ह्यांची समजूत काढत नाही. ते ह्यांचं आहे.

नमुनेवाली अजून दर तीन महिन्यांनी येते. परवा आली होती तेव्हा मी विचारलं, विहिरीचं पाणी पुन्हा पिता कधी येईल? तिने खोटं सांगितलं नाही. म्हणाली, सगळं नीट चाललं तर आठ-नऊ वर्षं. मी आमच्या वयांत ती वर्षं मिळवून बघितली. मग तिला म्हटलं, म्हणजे तुला चहा करून द्यायला तेव्हा बहुतेक दुसरं कोणीतरी असेल. ती म्हणाली, काकू, असं बोलू नका. मी म्हटलं, अगं, कोणी का असेना, चहा चांगल्या पाण्याचा होईल ना. आणि ते म्हणताना मला खरंच बरं वाटलं. जमिनीखाली आपल्याला न दिसता काही रोज चारपाच बोटं दूषित होत चाललं होतं, तसं आता काही चारपाच बोटं निवळत चाललं असेल, आपण झोपलेलो असताना, भांडताना, भाजी चिरताना.

आज सकाळी मी पडवीत कपड्यांच्या घड्या घालत होते. चहा हल्ली हे करतात, बरा करतात. आतून भांड्यांचा आवाज आला आणि थांबला. मग हे पातेलं फडक्यात दोन्ही हातांनी धरून बाहेर आले, सांडू नये म्हणून पावलं मोजत, आणि माझ्यासमोर वाकून उभे राहिले.

"बघ गं, दूध नासलंय का?"

मला पहिल्या क्षणीच कळलं होतं. पण मी हातातली घडी बाजूला ठेवली, नीट सावरून बसले, पातेल्यावर वाकले, डोळे मिटून एकदा वास घेतला, मग पुन्हा एकदा. हे पातेलं धरून थांबले होते. घाई करत नव्हते.

"चांगलं आहे," मी म्हटलं.

ह्यांनी चाखून बघितलं नाही. आत गेले आणि दोन्ही कपांत ओतलं.